वळचणीचे पाणी आढ्याकडे

चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीत अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, सेंट पॉल शहरातल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत, उत्तरेकडच्या तिरप्या छतावर, चहा सांडल्यासारखा एक पिवळसर डाग उमटला. दोन दिवसांत त्याच्या मध्यभागी रंगाचा फुगवटा आला आणि तिसऱ्या दिवशी पहाटे त्यातून थेंब पडू लागले. खाली स्टीलचे पातेले ठेवले आणि मी खिडकीशी जाऊन बाहेरचे तापमान पाहिले, तर ते उणे १६ अंश सेल्सिअस होते. आठवडाभर पारा शून्याच्या वर गेलेला नव्हता. साऱ्या आसमंतात द्रवरूप पाण्याचा एक थेंबही असण्याचे कारण नव्हते आणि तरीही माझ्या पातेल्यात टप टप आवाज होत होता.

माझे लहानपण संगमेश्वर तालुक्यातल्या कौलारू घरात गेले. तिथे गळतीचा अर्थ एकच असे, तो म्हणजे पाऊस. वैशाखात घर शाकारून घ्यायचे, फुटके कौल बदलायचे, माकडांनी सरकवलेली कौले जागच्या जागी बसवायची आणि एवढे करूनही मृगात थेंब पडलाच तर काठीने कौल हलवून पाहायचे, एवढेच छपराचे शास्त्र मला ठाऊक होते. पाणी वरून येते आणि फटीतून आत शिरते, या समजुतीला मी चाळीस वर्षे कधी प्रश्न विचारला नव्हता. मिनेसोटातल्या त्या पातेल्याने तो विचारायला लावला, कारण हे पाणी माझ्याच घराने तयार केलेले होते.

पुढे जाण्यापूर्वी दोन शब्दांतला फरक सांगून ठेवतो, कारण सगळी गोष्ट त्यावर अवलंबून आहे. छप्पर म्हणजे बाहेरून दिसणारे उतरते आवरण आणि छत म्हणजे खोलीत आडवे पडल्यावर डोळ्यांसमोर दिसते ते. या दोहोंच्या मधली पोकळी म्हणजे माळा. आपल्याकडे माळ्यावर जुनी पिंपे, पाट आणि वर्षाचे नारळ ठेवतात. इथल्या बहुतेक घरांत माळ्यावर माणसाने जाण्याची अपेक्षाच नसते. तिथे इन्सुलेशन असते, म्हणजे घरातील उष्णता अडवून धरणारा कापसासारखा थर, आणि हिवाळ्यात त्या थराच्या वरची जागा जवळजवळ बाहेरइतकीच थंड असणे अपेक्षित असते. घराचे उबदार क्षेत्र छताशी संपले पाहिजे. ते छपरापर्यंत पोचले की उपद्रवाला सुरुवात होते.

उपद्रवाचा प्रकार असा. छपरावर फूटभर बर्फ साचलेला असतो. छतातून निसटलेली उष्णता माळ्यात शिरते, छपराची फळी खालून तापते आणि तिला टेकलेला बर्फाचा सर्वांत खालचा पदर वितळतो. वरून काहीच दिसत नाही; बर्फ जसाच्या तसा पांढरा असतो आणि त्याच्या पोटातून पाणी उताराने खाली जात असते. आढ्याचे पाणी वळचणीला, इथपर्यंत सारे नेहमीप्रमाणे चालते. पण वळचणीचा भाग भिंतीच्या बाहेर आलेला असतो, त्याच्या खाली उबदार खोली नसते, म्हणून तिथे पोचताच पाणी पुन्हा गोठते. दिवसामागून दिवस असे थर चढत जाऊन पन्हळीच्या वर बर्फाचा एक बांध तयार होतो. त्यालाच इथे आइस डॅम म्हणतात. या बांधामागे पाणी तुंबते, वर चढू लागते आणि शिंगल्सच्या खालून आत शिरते. शिंगल्स कौलांसारख्याच एकावर एक चढवलेल्या असतात. वरून येणारे पाणी त्या निमूटपणे खाली सोडतात, पण खालून वर येणाऱ्या पाण्यापुढे त्यांचा काही इलाज चालत नाही. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, असे आपल्याकडे अशक्य गोष्टीबद्दल म्हणतात. इथे ते दर जानेवारीत जाते.

मी अर्थातच आधी छप्परवाल्याला बोलावले. त्याने शिडीवरून पाहिले आणि दोन पर्याय दिले: एक, सगळ्या शिंगल्स बदलून घेणे, दुसरा, वळचणीवर विजेची तापणारी तार नागमोडी बसवणे. शिंगल्स नऊ वर्षांच्याच होत्या, म्हणून मी दुसरा पर्याय घेतला. तारेने बांधातून पाण्याला वाट करून दिली हे खरे, परंतु मुळातले वितळणे तिने कमी केले नाही, म्हणजे निसटलेल्या उष्णतेचे पैसे गॅसच्या बिलात आणि तिच्या परिणामांवरील उपायाचे पैसे विजेच्या बिलात, असा दुहेरी भुर्दंड मी एक पूर्ण हिवाळा भरला. छप्परवाल्याला मी दोष देत नाही. छपराविषयी विचारले, तर तो छपराचेच उत्तर देणार. माझा प्रश्न चुकला होता.

योग्य प्रश्न शेजारच्या आजोबांनी सुचवला. ऐंशीच्या घरातले, उभे आयुष्य याच गल्लीत गेलेले गृहस्थ. एका सकाळी मी वळचणीखालचे बर्फाचे सुळे काठीने पाडत होतो तेव्हा ते फाटकाशी थांबले आणि म्हणाले, "घराकडे पाहू नकोस, गॅरेजकडे पाहा." आमचे गॅरेज घरापासून सुटे, मागच्या बाजूला आहे. त्यात हीटर नाही. त्याच्या छपरावर बर्फाची दुलई सुईने टाचल्यासारखी अखंड होती आणि वळचणीला एकही सुळा नव्हता. दोन्ही छपरांवर बर्फ एकाच रात्री पडलेला, उतार जवळजवळ सारखा, दिशाही तीच. फरक इतकाच की एकाखाली माणसे राहत होती.

तेव्हापासून मला छप्पर वाचण्याचा नाद लागला. त्याला उपकरण लागत नाही, वेळ मात्र अचूक साधावी लागते. दोन-तीन इंच हलका बर्फ पडून गेल्यानंतरची पहिली शांत, ढगाळ आणि कडक थंडीची सकाळ सर्वांत चांगली. जाड बर्फात खुणा बुजतात आणि ऊन आले की सगळा पुरावा नाहीसा होतो. दक्षिणेकडचा उतार उन्हाने तसाही वितळतो, म्हणून त्याच्यावरून निष्कर्ष काढू नये. उत्तरेकडचा उतार खरे बोलतो. वाऱ्याचीही एक लबाडी आहे. आढ्याजवळचा बर्फ वारा उडवून नेतो आणि तिथे उघडी पट्टी दिसते, पण तिच्या कडा फुंकर मारल्यासारख्या कोरड्या आणि उतरत्या असतात. उष्णतेने पडलेल्या खळग्याच्या कडा ओलसर, काचेसारख्या असतात. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की पुन्हा चुकत नाही.

आमच्या छपरावर त्या सकाळी तीन गोष्टी दिसल्या. चिमणीभोवती गोल उघडा भाग होता. न्हाणीघराच्या नेमके वर परातीएवढा खळगा होता. आणि तिरप्या छताच्या वरच्या भागात एकाआड एक उभे पट्टे होते, जणू कोणी बर्फावरून मोठा कंगवा फिरवला होता. या पट्ट्यांनी मला बराच काळ गोंधळात टाकले. ते वाशांच्या अंतराने पडलेले होते हे उघड होते. पण बर्फ वाशांवर टिकला होता की वाशांच्या मध्ये, हा मुद्दा निर्णायक निघाला. लाकूड उष्णता बऱ्यापैकी अडवते, पण चांगल्या इन्सुलेशनइतकी नाही. म्हणून वाशांच्या मधली पोकळी नीट भरलेली असेल तर वासा हाच सर्वांत कच्चा दुवा ठरतो आणि बर्फ आधी वाशांच्या रेषांवर वितळतो. पोकळी रिकामी किंवा अर्धवट भरलेली असेल तर उलट घडते; मधला भाग वितळतो आणि वाशांवर पांढऱ्या रेघा उरतात. आमच्याकडे वाशांवर पांढऱ्या रेघा होत्या. घर फिरले म्हणजे वासेही फिरतात असे ऐकत आलो होतो. या वाशांनी मात्र इमानाने चुगली केली.

बर्फाच्या सुळ्यांबद्दल लोक उगाच घाबरतात किंवा उगाच निर्धास्त राहतात. भारतातून व्हिडिओ कॉलवर आईला ते दाखवले तेव्हा तिला ते झुंबरासारखे वाटले आणि ते दिसतातही तसे. मार्चमधल्या उन्हात दुपारी दक्षिणेच्या वळचणीला बोटभर सुळे आले तर त्यात घराचा काही दोष नसतो. पण आकाश ढगाळ आहे, तापमान उणे १५ आहे आणि तरीही उत्तरेच्या बाजूला मनगटाएवढे जाड सुळे रोज वाढत आहेत, तर ते पाणी सूर्याने केलेले नाही. ते फर्नेसने, म्हणजे घर तापवणाऱ्या गॅसच्या भट्टीने, केलेले आहे आणि त्याचे पैसे तुम्ही दिलेले आहेत.

जिथे बर्फ क्वचित पडतो अशा ठिकाणी, म्हणजे इंग्लंडात किंवा आयर्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींना हेच काम दहिवराने करता येईल. निरभ्र, थंड रात्री छपराची उष्णता आकाशाकडे निघून जाते, ते हवेपेक्षाही गार होते आणि पहाटे त्याच्यावर पांढरा थर धरतो. जिथे खालून ऊब येत असते तिथे तो धरत नाही. ओळीने जोडलेली सारखी घरे असतील तर तुलना आयतीच मिळते.

आता थोडा हिशेब, कारण मला स्वतःला आकड्यांशिवाय पटत नाही. इन्सुलेशनची ताकद इथे आर या मापाने मोजतात. आकडा जितका मोठा तितकी उष्णता कमी निसटते. आमचे घर १९५१ सालचे, दीड मजली. त्या काळी छतात साडेतीन इंच जाडीचा फायबरग्लासचा पट्टा घातला की काम भागले असे समजत. त्याचे माप आर-११. मिनेसोटात आज नवे घर बांधायचे तर छतासाठी नियम आर-४९ चा आहे. आमच्या छताचे क्षेत्रफळ साधारण ८० चौरस मीटर. आत २० अंश आणि माळ्यावर उणे १० अंश असेल, तर आर-११ मधून सतत सुमारे १,२४० वॅट उष्णता वर जाते. एक इस्त्री रात्रंदिवस चालू ठेवून माळ्यावर सोडून द्यावी, तसा हा प्रकार झाला. आर-४९ असते तर हाच आकडा २८० वॅटच्या आसपास आला असता. एक किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोजूल लागतात, म्हणजे ती सगळी उष्णता बर्फालाच मिळाली असे धरले तर १,२४० वॅट दिवसाला ३२० किलो बर्फाचे पाणी करू शकतात. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता माळ्याच्या हवेबरोबर बाहेर जाते. तरीही माझ्या पातेल्याचे कोडे सोडवायला एवढा हिशेब पुरेसा होता.

यात आणखी एक गंमत आहे आणि ती कळायला मला एक आख्खा रविवार लागला. बर्फ स्वतःच इन्सुलेशन आहे. ताज्या भुसभुशीत बर्फाची दर इंचाला साधारण आर-१ इतकी ताकद धरतात. म्हणजे फूटभर बर्फ पडला की छपरावर आर-१२ ची गोधडी पसरली जाते. खाली आर-११ आणि वर आर-१२ अशी स्थिती झाली की आत २० आणि बाहेर उणे १० असताना मधला माळा, हवा खेळती नसेल तर, साधारण साडेपाच अंशांवर येऊन थांबतो. शून्याच्या वर! बर्फाचा तळ वितळणारच. खाली आर-४९ असते तर त्याच गोधडीखाली माळा उणे ४ अंशांवर राहिला असता आणि काहीच वितळले नसते. पहिली दोन वर्षे आमच्याकडे गळती का झाली नाही, याचे उत्तर इथे सापडले. त्या हिवाळ्यांत बर्फ थोडा पडला होता. उष्णता तेव्हाही जातच होती, फक्त ती दाखवून देणारी गोधडी नव्हती. गळले नाही म्हणून छत चांगले, हा निष्कर्ष म्हणूनच फसवा आहे.

कॅनडातल्या रेजायना शहरात १९७७ साली प्रयोग म्हणून बांधलेल्या सस्कॅचवान कॉन्झर्व्हेशन हाउसच्या छतात आर-६० इतके इन्सुलेशन होते. ज्ञान जुनेच आहे, आमच्यासारखी घरे त्याच्याही आधीची आहेत इतकेच. आणि या प्रदेशात एक छप्पर असेही होते की ज्याने उष्णता गमावावी अशीच योजना होती. मिनियापोलिसच्या मेट्रोडोम या क्रीडागाराचे छप्पर आतल्या हवेच्या दाबावर तोललेले होते आणि त्याच्या दोन पदरांमध्ये गरम हवा सोडून वरचा बर्फ वितळवला जाई. १२ डिसेंबर २०१० च्या पहाटे मोठ्या हिमवादळानंतर ते बर्फाच्या भाराने फाटून खाली आले. तिथे वितळवण्यासाठी खटाटोप करूनही बर्फ पुरून उरला आणि आमच्याकडे फुकट वितळत होता.

घराबाहेर जे दिसते त्याच्या खुणा घरातही असतात, पण त्या आपण दुसऱ्याच कशाच्या तरी नावावर खपवतो. आमच्या घरात खालच्या मजल्यावर हिवाळ्यात पायाला सतत गार झुळूक लागे. आम्ही तिचा दोष खिडक्यांना देत होतो आणि दोन वर्षे खिडक्यांच्या फटींत पट्ट्या चिकटवत होतो. प्रत्यक्षात थंडीत सगळे घरच एक धुराडे बनते. गरम हवा हलकी होऊन वर चढते, छतातल्या बारीकसारीक भोकांतून माळ्यावर निसटते आणि जितकी वरून जाते तितकीच बाहेरची गार हवा खालच्या फटींतून आत ओढली जाते. पायाला लागणाऱ्या झुळुकीचे मूळ डोक्यावर असू शकते, हे मला कोणी आधी सांगितले असते तर पट्ट्यांचे पैसे वाचले असते.

दुसरी खूण छतावरच्या करड्या, पुसट रेघांची. तिरप्या छतावर ठरावीक अंतराने धुरकट पट्टे दिसत होते आणि आम्ही ते देवघरातल्या उदबत्त्यांच्या नावावर टाकले होते. त्या रेघा पडण्याचे कारण असे की छताचा जो भाग जास्त गार असतो तिथे हवेतली ओल किंचित धरते आणि हवेतली काजळी त्या ओलीला चिकटते. उदबत्तीने काजळी पुरवली असेल, पण नकाशा थंडीने काढला होता. भिंत आणि छत जिथे मिळतात त्या कोपऱ्यातली काळी बुरशी हीसुद्धा बहुधा याच जातीची खूण असते, विशेषतः ती फक्त बाहेरच्या भिंतींच्या कोपऱ्यात येत असेल तर.

उदबत्तीवरचा आरोप मागे घेतल्यावर मी तिलाच साक्षीदार केले. कडक थंडीच्या रात्री पंखे बंद करून छतातल्या दिव्यांच्या गोल खाचा, माळ्याच्या झडपेच्या कडा आणि न्हाणीघराच्या पंख्याची जाळी यांच्याशी पेटलेली उदबत्ती नेऊन धरली. बहुतेक ठिकाणी धूर आळसावून पसरत होता. झडपेच्या एका कडेशी मात्र तो ताठ झाला, दोऱ्यासारखा बारीक झाला आणि फटीत ओढला गेला. ती फट पोस्टकार्ड जाईल एवढीच होती. मी बायकोला बोलावून दाखवले. तिने थोडा वेळ पाहिले आणि एवढेच म्हणाली की हा धूर जातो आहे तसा पगारही याच वाटेने जात असणार.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावर गेलो. बाहेर उणे २२ होते. झडप उचलून डोके आत घातले आणि विजेरी लावली, तर वरच्या फळ्यांतून खाली आलेल्या शेकडो खिळ्यांच्या टोकांवर पांढरे तुरे फुलले होते. एकेक तुरा ज्वारीच्या दाण्याएवढा, काही बोराएवढे. खिळा बाहेरच्या थंडीला जोडलेला असतो, त्यामुळे खालून येणाऱ्या दमट हवेतली वाफ त्याच्यावर सर्वांत आधी गोठते. बोट लावले की तुरा विरघळून मनगटावर ओघळ येई. फेब्रुवारीत एखादा उबदार दिवस आला की हे सगळे एकदम वितळणार आणि माळ्यात पाऊस पडणार, हे मला तिथेच समजले. ज्या माळ्यात खिळ्यांवर असे तुरे दिसतात तिथे घरातली हवा वर पोचते आहे, याहून अधिक स्पष्ट पुरावा नको.

न्हाणीघराच्या पंख्याची नळी छपराबाहेर जायला हवी होती. ती सांध्यातून निखळून इन्सुलेशनवर आडवी पडली होती. आम्ही रोज सकाळी चार जणांच्या अंघोळीची वाफ मोठ्या शिस्तीने पंखा लावून माळ्यात सोडत होतो. छपरावरच्या परातीएवढ्या खळग्याचे ते उत्तर होते. गुलाबी फायबरग्लासवर जागोजागी काळे डाग होते. मला ती बुरशी वाटली, पण ते धुळीचे डाग होते. फायबरग्लास हवा अडवत नाही, गाळतो. ज्या भोकावरून वर्षानुवर्षे हवा जाते तिथे तो गाळणीसारखा काळा पडतो. पट्टा उचलला की प्रत्येक डागाखाली एक भोक सापडत गेले. विजेच्या तारांसाठी पाडलेली भोके, सांडपाण्याच्या नळाभोवतीची वीतभर फट, आणि चिमणीच्या चारी बाजूंनी तर तळघरापर्यंत सरळ दिसेल अशी पोकळी. आणखी जाड इन्सुलेशन आणून या सगळ्यावर पसरले असते तर ते रुमालावर रुमाल ठेवून फुंकर अडवण्यासारखे झाले असते. आधी भोके बुजवायची आणि मग थर वाढवायचा. हा क्रम उलटा केलेली दोन घरे मी या गल्लीतच पाहिली आहेत आणि त्यांची वळचण आजही सुळ्यांनी भरते.

इथे एक इशारा देणे भाग आहे. माळ्यावर फायबरग्लासऐवजी करड्या-सोनेरी, अभ्रकासारख्या चमकणाऱ्या खड्यांचा थर दिसला तर त्याला हात लावू नये आणि झडप लावून खाली यावे. तो व्हर्मिक्युलाइट असतो. अमेरिकेत १९९० पर्यंत विकला गेलेला बहुतांश व्हर्मिक्युलाइट माँटाना राज्यातल्या लिबी इथल्या खाणीतला होता आणि त्या खाणीत फुप्फुसांना घातक असे ॲस्बेस्टॉस मिसळलेले होते.

गॅसच्या बिलावरून छताची परीक्षा करता येते का, असे मला मित्र विचारतात. येते, पण नुसत्या रकमेवरून नाही, कारण हिवाळा दर वर्षी सारखा नसतो आणि गॅसचा दरही बदलतो. जुलैच्या बिलातले थर्म (गॅसचा वापर मोजण्याचे एकक) हे पाणी तापवण्याचे आणि स्वयंपाकाचे असतात. ते जानेवारीतून वजा करावेत आणि उरलेल्या थर्मना त्या महिन्याच्या हीटिंग डिग्री डेजने भागावे. दिवसाचे सरासरी तापमान ६५ अंश फॅरनहाइटच्या जितके खाली, तितके त्या दिवसाचे डिग्री डेज, इतका तो साधा प्रकार आहे. येणारा भागाकार घराचा स्वभाव सांगतो आणि हवामानाचा लहरीपणा बाजूला ठेवतो. मात्र उष्णता छतातून जाते की भिंतीतून, हे तो सांगत नाही. ते विचारायला शेवटी छपरावरच्या बर्फाकडेच जावे लागते.

आम्ही त्या फेब्रुवारीत उष्णता कुठून निसटते याची रीतसर तपासणी करून घेतली. तपासनिसाने पुढच्या दारात कापडी चौकट ताणून त्यात मोठा पंखा बसवला आणि घरातली हवा बाहेर खेचून आत-बाहेरच्या हवेच्या दाबात ५० पास्कलचा फरक निर्माण केला. मग तो उष्णता दाखवणारा कॅमेरा घेऊन खोल्यांमधून फिरला. पडद्यावर तिरपे छत जांभळे आणि वासे पिवळे दिसत होते; म्हणजे वासे उबदार होते आणि त्यांच्या मधला भाग गार. बाहेर बर्फावर मी पाहिलेल्या रेघांची ही आतली बाजू. मला उगाचच परीक्षेत उत्तर जुळल्याचा आनंद झाला. झडपेच्या कडेला तर जांभळी जीभच लोंबत होती, कारण पंख्यामुळे हवा आता उलटी, माळ्यातून खोलीत येत होती.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात लिहितो. भोके फोमने आणि चिमणीभोवतीची पोकळी पत्रा व आग सोसणाऱ्या लांबीने बुजवली, कारण चिमणीशी फोम चालत नाही. पंख्याची नळी छपराबाहेर नेली. सपाट माळ्यावर १४ इंच सेल्युलोज, म्हणजे कागदाच्या लगद्यासारखा भुगा, फुंकून घेतला. त्याची ताकद इंचाला साधारण साडेतीन धरली तर आर-४९ भरतो. वळचणीतून येणाऱ्या हवेची वाट त्या भुग्याने बुजू नये म्हणून वाशांच्या मध्ये पन्हळीसारखे साचे बसवले. घट्ट झालेल्या घरात फर्नेसचा धूर उलटा फिरत नाही ना, हेही तपासनिसाने शेवटी पाहून घेतले आणि दोन्ही मजल्यांवर कार्बन मोनॉक्साइडची घंटा आहे याची खात्री केली. तिरप्या छताचा प्रश्न अर्धाच सुटला. दीड मजली घराचे हे कायमचे दुखणे आहे. तिथे छत आणि छप्पर यांच्या मध्ये वाशाच्या जाडीइतकीच जागा असते, त्यामुळे दाबून भरला तरी १४ इंचांचा थर तिथे बसणे शक्य नाही.

पुढच्या हिवाळ्यात तेरा इंच बर्फ पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो. उत्तरेचा उतार भरलेला होता, परातीएवढा खळगा नव्हता, चिमणीपर्यंत बर्फ टेकला होता. वाशांच्या रेघा अजून दिसत होत्या, पण आता त्या पांढऱ्या नव्हत्या. किंचित दबलेल्या, सावलीसारख्या होत्या, म्हणजे पोकळ्या भरल्या होत्या आणि वासेच कच्चा दुवा उरले होते. वळचणीला पूर्वेच्या टोकाशी तीन-चार सुळे होते, करंगळीएवढे. आजोबा आपल्या फाटकाशी फावडे घेऊन उभे होते. त्यांनी आमच्या छपराकडे पाहिले, मग गॅरेजकडे पाहिले, आणि पूर्वेच्या त्या टोकाकडे फावड्याने बोट केले.

तिथे बाजूच्या माळ्याचे छोटे दार आहे, कमरेएवढ्या भिंतीतले. त्याच्या कडेला पट्टी लावायची राहून गेली होती. या ऑक्टोबरात ती लावायची आहे. जुलैत त्या माळ्यात माणूस उकडून निघतो आणि डिसेंबरात फोम हातातच गोठतो.